मंतरलेली तलवार

मराठीत ‘मंतरणे’ असं एक क्रियापद आहे. दोरा मंतरतात, पाणी मंतरतात, अंगारा मंतरतात. माझ्या लहानपणी गावात कुणाला कावीळ झाली की शेजारच्या वाडीतल्या एका बाबांकडून पाणी मंतरून आणायचे. त्या पाण्याने कावीळ बरी व्हायची का, हा आजचा विषय नाही. (होत नाही. सरळ डॉक्टरकडे जावं.) मला त्या क्रियापदातली गंमत सांगायची आहे. मंत्र म्हणणारा एक, तो लागू व्हायचा दुसऱ्याला, आणि मधे तांब्याभर पाणी. बाबा आपल्या ओसरीवर निवांत बसलेले असायचे आणि त्यांचा मंत्र तांब्यात बसून दोन मैल चालत यायचा! याच्याच जवळचं दुसरं क्रियापद ‘भारणे’. भारलेला माणूस, भारलेली जागा. विज्ञानाच्या पुस्तकात विजेसाठीसुद्धा आपण ‘भारित’ असंच म्हणतो. इंग्रजीतही विजेला, तोफेतल्या दारूला आणि जादूच्या कांडीला ‘चार्ज’ हा एकच शब्द चालतो, हे मला अलीकडेच कळलं.

कळलं कसं, तर नातवामुळे. तो पुण्यात नोकरी करतो आणि दर रविवारी मित्रांबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतो. दिवाळीला आला तेव्हा त्याच्या पिशवीत फराळाच्या डब्यापेक्षा पुस्तकं जास्त होती. मी सहज एक उघडलं, तर त्यात मंत्र साठवणाऱ्या तलवारीचे नियम! किती मोठा मंत्र साठतो, कधी सुटतो, तलवारीची किंमत किती, सगळं अगदी सरकारी परिपत्रकासारखं. मी म्हटलं, हे कुणी ठरवलं? तो म्हणाला, “आजी, तू इतिहासवाली ना, मग शोध की तूच.” तर मंडळी, गेले तीन महिने हा उद्योग चालू आहे. हाती लागलं ते लिहिते आहे.

आधी खेळ काय आहे ते सांगते, कारण आमच्या नातेवाईक वाचकांपैकी निम्म्यांना तो व्हिडिओ गेम वाटेल. हा टेबलाभोवती बसून, तोंडाने बोलत खेळायचा खेळ. एक जण निवेदक असतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी पुजारी, कुणी चोर. निवेदक सांगतो, “समोर पडका वाडा आहे, आतून उजेड येतोय.” मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करतं ते सांगतो. ते जमलं की फसलं हे फाशांवर ठरतं, त्यातला मुख्य फासा २० बाजूंचा. थोडक्यात, कीर्तन आणि सारीपाट यांचं लग्न लावलं तर जे होईल ते.

आता वंशावळ पाहू. ती थेट आपल्या चतुरंगापर्यंत मागे जाते. चतुरंगापासून बुद्धिबळ झालं. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या गणितज्ञाने बुद्धिबळाचा पट वाढवून युद्धाचा खेळ रचला. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच वापरून ‘क्रीगश्पील’ हा खेळ सैन्यासमोर मांडला. सेनापतीला तो इतका आवडला की अधिकाऱ्यांच्या शिक्षणात त्याचा समावेश झाला. पुढे १९१३ मध्ये इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाया कशा लढवाव्यात यावर ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तकच लिहिलं. पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी! अमेरिकेत ही हौस टिकली आणि १९६०च्या दशकात तिथे ठिकठिकाणी अशा खेळांची मंडळं झाली.

अशाच एका मंडळातला माणूस म्हणजे गॅरी गायगॅक्स. जन्म १९३८, वास्तव्य विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावी. विमा कंपनीत जोखमीचा हिशोब करायची नोकरी. १९७० मध्ये ती गेली आणि घर चालवायला तो बूट दुरुस्त करू लागला. १९७१ मध्ये त्याने जेफ पेरेन याच्याबरोबर ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढायांची नियमावली काढली. तिच्या शेवटी एक पुरवणी होती, ज्यांना परीकथेतली युद्धं खेळायची असतील त्यांच्यासाठी. त्यात जादूगार आला. आता जादूगाराचं सामर्थ्य नियमात बसवायचं कसं? गायगॅक्सने सोपी युक्ती केली. जादूगाराने अग्निगोल टाकला तर तो मोठ्या गोफणयंत्राच्या दगडाएवढ्या जागेवर मारा करील आणि वीज टाकली तर जड तोफेच्या गोळ्याएवढ्या जागेवर. म्हणजे जादू आधी तोफखान्यात भरती झाली!

माझ्या मते मंत्र साठवणाऱ्या शस्त्राची पहिली पायरी ही आहे. मंत्राला मोजमाप मिळालं. जे मोजता येतं तेच कोठारात ठेवता येतं.

दुसरी पायरी एका कादंबरीकाराकडून आली. त्याचं नाव जॅक व्हान्स (१९१६–२०१३). दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याला समुद्रावर जायचं होतं, पण डोळे अधू. मग या पठ्ठ्याने डोळे तपासायचा तक्ताच पाठ केला आणि व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून रुजू झाला. बोटीवर बसून त्याने ज्या गोष्टी लिहिल्या त्या ‘द डाइंग अर्थ’ या नावाने १९५० मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यातली पृथ्वी म्हातारी झालेली आहे, सूर्य विझत आला आहे. एकेकाळी हजारो मंत्र माहीत होते, आता जेमतेम शंभर उरलेत. आणि ते मंत्र इतके अवजड आहेत की मोठ्यातल्या मोठ्या जादूगाराच्या डोक्यात एका वेळी चार-पाचच मावतात. सकाळी पोथी उघडून घोकायचे, आणि एकदा उच्चारला की तो मंत्र स्मरणातून साफ पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा घोका.

तक्ता पाठ करून नोकरी मिळवणाऱ्या माणसाला ही कल्पना सुचावी याचं मला काहीच आश्चर्य वाटलं नाही. परीक्षेच्या हॉलमधून बाहेर पडल्याबरोबर सनावळ्या विसरणारी शेकडो मुलं मी पाहिली आहेत. व्हान्सचे जादूगार ते हेच!

गायगॅक्स आणि त्याचा सहकारी डेव्ह अर्नेसन यांनी जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केलं. लाकडाच्या रंगाची पेटी, आत तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिल्या खेपेला १००० प्रती. त्यात व्हान्सची पद्धत घेतली होती: जादूगार दिवसाला ठरावीक मंत्र तयार ठेवणार आणि वापरला की तो संपणार. हे ऋण गायगॅक्सने १९७६ च्या एका लेखात मोकळेपणाने मान्यही केलं. खेळातल्या एका महादुष्ट जादूगाराचं नाव ‘व्हेक्ना’ आहे, ते ‘व्हान्स’च्या इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून बनवलेलं. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या चौथ्या पर्वात हाच व्हेक्ना घरोघरी पोचला. माझी सून ती मालिका बघताना घाबरून उशी धरून बसायची. तिला सांगितलं, अगं, हा एका गोष्टवेल्हाळ खलाशाच्या नावाचा तुकडा आहे!

तर आता मंत्र मोजता येत होता आणि खर्च होत होता. जे खर्च होतं ते माणूस साठवू पाहतो. धान्य असो, पैसा असो, नाहीतर मंत्र. खेळात साठवणीची साधनं लगेचच आली. पहिलं साधन भूर्जपत्रासारखी गुंडाळी, एकदा वाचली की कोरी. दुसरं साधन कांडी, तिच्यात ठरावीक ‘भार’. तिसरं अंगठी. १९७९ मध्ये निवेदकासाठी जो जाडजूड ग्रंथ निघाला त्यात मंत्र साठवणारी अंगठी आहे, तिच्यात २ ते ५ मंत्र राहतात.

तलवारी मात्र बराच काळ वेगळ्या वाटेने चालल्या होत्या. १९७४ च्या नियमांतल्या जादुई तलवारींना चक्क बुद्धी आणि अहंकार होता, त्यांचे आकडेही दिलेले असत. तलवारीचं आणि धन्याचं पटलं नाही तर तलवारच धन्यावर हुकूमत गाजवायची. त्या सासुरवाशिणींसारख्या नव्हत्याच, थेट सासवाच होत्या! पण स्वतःच्या मर्जीने चालणारी तलवार आणि दुसऱ्याचा मंत्र जपून ठेवणारी तलवार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला शोधायची होती ती दुसरी.

ती नीट नियमबद्ध झालेली सापडते २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. मूळ कंपनी १९९७ मध्ये विकली गेली होती, नव्या मालकांनी मॉन्टे कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स या तिघांकडून सगळे नियम नव्याने रचून घेतले. त्यातला हा नियम मी माझ्या शब्दांत सांगते.

या खेळात मंत्रांना ० ते ९ अशा इयत्ता आहेत. मंत्रसाठवणीच्या शस्त्रात एका वेळी एकच मंत्र राहतो आणि तो तिसऱ्या इयत्तेपर्यंतचाच असावा लागतो. शिवाय तो कुणा एकावर नेम धरून टाकायचा मंत्र हवा. अग्निगोल चालत नाही, कारण तो जागेवर पडतो, माणसावर नाही. (चेनमेलमधला तोफगोळा इथे बाद झाला!) कुणीही जादूगार किंवा पुजारी शस्त्रावर आपला मंत्र टाकतो, तो तिथे बसून राहतो. मग योद्धा लढाईत उतरतो. त्याचा वार लागला आणि शत्रूला इजा झाली, की योद्ध्याची इच्छा असेल तर त्याच क्षणी मंत्र सुटतो आणि त्या शत्रूवर पडतो. इच्छा नसेल तर आतच राहतो. सुटला की शस्त्र रिकामं, मग त्यात दुसरा मंत्र भरता येतो. आणि मला सर्वांत आवडलेलं कलम असं, की शस्त्र हाती धरणाऱ्याला आत कोणता मंत्र आहे त्याचं नाव मनोमन समजतं. अशी तलवार एखाद्या खजिन्यात सापडली तर तिच्यात आधीच कुणाचा तरी मंत्र असण्याची शक्यता ५० टक्के.

समजा पुजाऱ्याने जखम भरून काढणारा मंत्र तलवारीत ठेवला. तुम्ही म्हणाल, शत्रूची जखम भरायची? पण या खेळात मेल्यानंतर हिंडणारी भुतंखेतं असतात आणि त्यांना बरं करणाऱ्या मंत्राने भाजतं. किंवा जादूगाराने माणसाला जागच्या जागी खिळवून ठेवणारा मंत्र ठेवला. पहिला वार लागताच, शत्रूच्या मनोबळाचा फासा फसला तर तो पुतळा होऊन उभा.

यात एवढं विशेष काय, असं मी नातवाला विचारलं. त्याने जे समजावलं त्यावरून मला उलगडलं की या तलवारीत खरा साठतो तो वेळ. खेळात प्रत्येकाची पाळी येते आणि एका पाळीत साधारणपणे एकच मोठं काम करता येतं. वार करा नाहीतर मंत्र म्हणा. तलवारीतल्या मंत्राला मात्र वेगळी पाळी लागत नाही, तो वाराबरोबर फुकट सुटतो. कारण त्याचं काम आधीच झालेलं आहे. काल रात्री जादूगाराकडे एक मंत्र न वापरता उरला होता. झोपून उठल्यावर त्याचा रोजचा कोटा नव्याने भरणारच. मग उरलेला वाया का घालवा? ठेवला मित्राच्या तलवारीत. रात्री उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे तत्त्वज्ञान शिकवायला नको.

आता हिशोब. माझ्यातली मास्तरीण स्वस्थ बसेना म्हणून मी वही घेऊन बसले. साधी तलवार १५ मोहरांची. जादू चढवायची तर ती उत्तम घडणीची असावी लागते, त्याचे ३०० मोहरा. जादूच्या किमतीचं सूत्र असं: जादूचा दर्जा गुणिले दर्जा गुणिले २०००. आधी एक दर्जाची साधी धार चढवावीच लागते, मंत्रसाठवण हा त्यावरचा आणखी एक दर्जा, म्हणजे एकूण दोन. दोनाचा वर्ग चार, गुणिले २०००, झाले ८०००. सगळे मिळून ८,३१५ मोहरा. बनवणारा कमीत कमी १२ व्या पायरीवर पोचलेला जादूगार हवा. त्याला ८ दिवस लागतात आणि ४००० मोहरांचं साहित्य.

पण हे वाचताना मी एका ओळीवर अडखळले. २००० सालच्या या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याला आणखी एक गोष्ट द्यावी लागे, ती म्हणजे स्वतःचा अनुभव. या खेळात अनुभवाचे गुण असतात, ते साठले की पात्र वरच्या पायरीवर जातं. जादूच्या किमतीचा पंचविसावा भाग अनुभवातून वजा होई. म्हणजे या तलवारीसाठी ३२० गुण. खर्च झाले ते झाले. ‘रूनक्वेस्ट’ नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन खेळाच्या १९८४ च्या आवृत्तीत तर वस्तूत मंत्र बसवणाऱ्याला आपल्या आत्मबळाचा एक अंश कायमचा द्यावा लागे. दोन वेगळ्या खेळांनी असाच नियम करावा, याचा अर्थ त्या माणसांना हे मनापासून पटलं असणार: जिवंत माणसातलं काहीतरी कमी झाल्याशिवाय निर्जीव वस्तूत काही भरत नाही. २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा खेळ याच नियमांवर बेतून निघाला, तेव्हा अनुभव वजा करायचं कलम काढून टाकलं. खेळ सुटसुटीत झाला. मला मात्र चुटपुट लागली. अर्थात शिकवणाऱ्याचा अनुभव माझ्या माहितीप्रमाणे दिल्याने कमी होत नाही. पण संध्याकाळी घरी येताना पाय मात्र दुखतात, आणि ते कुठल्याच हिशोबात धरलेलं नसतं!

एव्हाना तुमच्यापैकी काहींना अस्त्रं आठवली असतील. मलाही आठवली. खुद्द या खेळाच्या लेखकांनाही आपली पुराणं ठाऊक होती. १९७६ मध्ये रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी देवदेवतांची एक पुस्तिका काढली होती, तिच्यात ग्रीक, नॉर्स यांच्या बरोबरीने भारतीय देवांचं प्रकरण होतं. १९८० च्या मोठ्या पुस्तकातही ते होतं. इंद्र, अग्नी वगैरे मंडळी तिथे आकड्यांनिशी हजर आहेत. पण म्हणून मंत्रसाठवणीची तलवार महाभारतातून गेली असं मी म्हणणार नाही, कारण दोन्हींची रचना वेगळी आहे. तो फरकच मला महत्त्वाचा वाटतो.

सौप्तिकपर्वातला अश्वत्थामा आठवा. त्याच्या हाताशी शस्त्रच नाही. त्याने दर्भासारखी एक काडी उचलली आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राचा मंत्र घातला. काडी भारली गेली, पृथ्वी जळायची वेळ आली. अर्जुनाने तसंच अस्त्र सोडलं. ऋषी मधे पडले तेव्हा अर्जुनाला आपलं अस्त्र मागे घेता आलं, अश्वत्थाम्याला आलं नाही. म्हणजे आपल्याकडे मंत्र माणसात असतो, वस्तू कुठलीही चालते, अगदी गवताची काडीसुद्धा. म्हणून माणसाची परीक्षा होते. तो किती शिकला, सोडायला शिकला पण आवरायला शिकला का, यावर सगळं अवलंबून. परशुरामांच्या शापामुळे कर्णाला ऐन वेळी मंत्र आठवत नाही आणि तो संपतो. व्हान्सच्या जादूगाराला वापरल्यावर विसर पडतो, कर्णाला वापरायच्या आधी!

अमेरिकन खेळात उलट आहे. मंत्र वस्तूत असतो आणि धरणारा हात कुणाचाही चालतो. योद्ध्याला त्या मंत्राचं एक अक्षर येत नसलं तरी चालतं. हे आपल्या आजच्या जगण्यासारखंच आहे. माझ्या हातातल्या फोनमध्ये किती जणांची विद्या भरून ठेवली आहे, मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, आणि बटण दाबलं की काम होतं. मग प्रश्न उरतो तो हा, की काम झालं ते कुणाच्या बळावर?

गंमत म्हणजे खेळाचे नियम करणाऱ्यांनाही हा प्रश्न सोडवावा लागला आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी आली. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मंत्र साठवणारी अंगठी आहे. तिच्यातून कुणीही मंत्र सोडला तरी त्याची ताकद मोजायची ती ज्याने तो भरला त्याची. २०१९ मध्ये त्याच खेळात एका कारागीर पात्राला अशी विद्या मिळाली की तो साध्या शस्त्रातही पहिल्या-दुसऱ्या इयत्तेचा मंत्र ठेवू शकतो. तो शस्त्र धरणाऱ्याला अनेकदा वापरता येतो, आणि तिथेही ताकद कारागिराचीच धरायची. त्याच २०१९ साली निघालेल्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र मंत्र भरणारा कुणीही असो, शत्रूला तो टाळण्यासाठी गाठावा लागणारा आकडा ठरलेला: ३०. थोर गुरूने भरला तरी ३०, कालच्या पोराने भरला तरी ३०. पहिल्या उत्तरात गुरूचं नाव शेवटपर्यंत टिकतं, दुसऱ्यात ते वस्तूत विरघळून जातं. चाळीस वर्षं खडू झिजवलेल्या बाईला कुठलं उत्तर आवडलं असेल हे सांगायला नकोच!

हे सगळं वाचून झाल्यावर मी नातवाला म्हटलं, तुझ्याकडे आहे का रे अशी तलवार? तो जरा थांबला. म्हणाला, “आहे, पण वापरत नाही.”

झालं होतं असं. त्यांच्या गटात जादूगाराचं पात्र घेणारा त्याचा शाळेपासूनचा मित्र दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेला. ते अजून जुन्या, तिसऱ्या आवृत्तीचे नियम वापरतात. जायच्या आधीच्या रविवारी, खेळ संपताना त्या मित्राने आपल्या जादूगाराचा उरलेला मंत्र, तो जागी खिळवून ठेवणारा, नातवाच्या योद्ध्याच्या तलवारीत घातला. “असू दे तुला,” एवढंच म्हणाला. त्यानंतर योद्ध्याने शंभर वार केले असतील. प्रत्येक वेळी निवेदक विचारतो, “सोडतोस?” आणि हा म्हणतो, “नको, पुढच्या वेळी.” त्याच्या पात्राच्या कागदावर तलवारीपुढे त्या मंत्राचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं आहे. बाकी सगळं खोडून खोडून कागद फाटायला आलाय, ती एक ओळ तशीच आहे.

मधे एकदा त्यांचा गट एका लढाईत सपाटून हरला. तो मंत्र सोडला असता तर कदाचित निभावलं असतं. मित्र चिडले. गटात आता जादूगाराचं पात्र घेणारी एक नवी मुलगी आली आहे, ती बिचारी दर वेळी विचारते, “मी काही भरू का तुझ्या तलवारीत?” पण तलवार रिकामी झाल्याशिवाय दुसरा मंत्र भरता येत नाही. नियम आहे.

मला कर्णाची वासवी शक्ती आठवली. जन्मजात कवचकुंडलं कापून दिली तेव्हा इंद्राने दिलेली, एकदाच वापरता येणारी. त्याने ती अर्जुनासाठी जपून ठेवली. युद्धाच्या चौदाव्या रात्री घटोत्कचाने सैन्याची दाणादाण उडवली आणि सगळे कर्णाला म्हणू लागले, सोड ती शक्ती. त्याला सोडावी लागली. वर्गात ही गोष्ट सांगताना मी नेहमी विचारायची, कर्णाचं चुकलं कुठे? पुष्कळ मुलं म्हणायची, आधीच अर्जुनावर सोडायला हवी होती. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, जपून ठेवली तेवढे दिवस अर्जुन त्याला भीत होता. म्हणजे ती रोज कामाला येतच होती.” मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. त्या मुलाला मी उत्तरासाठी शाबासकी दिली आणि धडा पुढे नेला.

मी नातवाला माझं मत सांगितलं. शिदोरी बांधून देणाऱ्याला ती परत आलेली आवडत नाही. आई डबा भरून देते तो मुलाने खावा म्हणून, भरलेला डबा संध्याकाळी घरी आला तर तिला वाईटच वाटतं. मित्राचा मंत्र एखाद्या रविवारी खर्च कर, त्याला फोन करून सांग कुठे आणि कसा उपयोगी पडला ते. आणि त्या मुलीलाही तुझ्या तलवारीत जागा कर. तीही कुठल्यातरी रात्रीचा आपला उरलेला मंत्र तुला देऊ पाहते आहे.

तो ऐकून घेतो. आमच्याकडची मुलं मोठ्यांचं ऐकून घेतात, करतात मात्र स्वतःच्या मनाचं. म्हणाला, “आजी, तो मंत्र सुटला की त्याचं खेळातलं काहीच उरत नाही गं.” यावर मी काय बोलणार? तलवारीत मंत्र असेपर्यंत धरणाऱ्याला त्याचं नाव कळत राहतं, हे कलम कुणी विमा कंपनीतल्या हिशोबी डोक्याने केलं असेल की आणखी कुणी, पण ते करताना त्याच्या ध्यानीमनीही नसेल की पुण्यातला एक मुलगा त्या कलमाला असा धरून बसेल.

गेल्या रविवारचं विचारलं तर म्हणाला, अजून आहे.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणी हा खेळ खेळत असाल तर माझ्या नियमांत काही राहिलं का ते सांगा. आणि खेळत नसाल तरी सांगा, त्याच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी त्याला तुमची उत्तरं वाचून दाखवणार आहे.